यादीतली चोविसावी

सातवा महिना, अकरावा दिवस

लोयांगच्या वेई घराण्यातले थोरले साहेब वारले आणि आमच्या घरात आनंदीआनंद झाला. हे लिहायला बरं दिसत नाही, पण ही वही वाचणार कोण? वही तरी कसली, बिघडलेल्या याद्यांचे कागद उलटे करून शिवलेत.

त्यांचा कारभारी सकाळीच आला. थडग्यात ठेवायला दोन राखणदार पशू, दोन चिलखतवाले, सहा घोडे, चार उंट, त्यांचे मोतद्दार आणि चोवीस दासी हव्यात. नवव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी पुरायचं ठरलंय.

"म्हाताऱ्याला खाली इतक्या दासी कशाला लागतात हो?" कारभारी गेल्यावर मी विचारलं.

"वर चाळीस होत्या," हे म्हणाले. "काटकसरच चाललीय म्हणायची."

हे साच्यात माती दाबतात आणि भट्टी लावतात. मामंजी झिलई घोटतात. चेहरे मी रंगवते. शिवाय पुतळ्यांबरोबर जी नावांची यादी जाते, तीही माझ्याच हातची. माझे वडील गावचे लेखनिक होते. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी शिकवायची हौस आम्हा दोघी बहिणींवर भागवून घेतली. ताई नदीपलीकडच्या मठात भिक्षुणी झाली, ती तिथे सूत्रं वाचते. मी मेलेल्यांच्या नोकरांची नावं लिहिते.

सातवा महिना, तेविसावा दिवस

उकाडा मरणाचा. मामंजी दिवसभर शिशाची राख घोटत होते. त्यांची मनगटं खाली पडलेली आहेत, बत्ता दोन्ही हातांच्या बेचक्यात धरावा लागतो. आमच्याकडे झिलई घोटणाऱ्यांचे हात असेच पडतात. त्यांच्या वडिलांचे पडले, थोरल्या दिरांचेही पडले. मामंजी ते पदक मिळाल्यासारखं मिरवतात.

आमान त्यांच्या मांडीवर बसून भांड्यात बोट घालत होती आणि चोखत होती.

"आजोबा, गोड लागतं."

"लागणारच! आपल्या दोऊ घराण्याची झिलई आहे. मेलेल्यांनासुद्धा आम्ही कडू देत नाही."

आमान पाच वर्षांची आहे. तिच्याआधी माझी तीन पोटातच गेली आणि तिच्यानंतर एक. ही एकटी राहिली. म्हणून घरात तिला कुणी रागे भरत नाही आणि म्हणून ती लाडावलीय. आज राळ्याच्या पेजेला हात लावला नाही. पोट दुखतं म्हणे. काही दुखत नाही, नखरे आहेत. वसंतात ताईकडे महिनाभर राहिली तेव्हा वाडगेच्या वाडगे चाटूनपुसून खायची, घरी आली की रोजचं हे कुरकुरणं.

भांडी विसळायच्या टाकीपाशी चार कोंबड्या मरून पडल्या होत्या. हे म्हणाले, मुंगसाचं काम. मान न मुरगळता मुंगसाने कशा मारल्या, असं विचारलं तर माझ्यावरच डाफरले.

आठवा महिना, एकोणिसावा दिवस

पुतळ्या भट्टीतून निघाल्या. अंगावर हिरवी, पिवळी, तपकिरी झिलई छान ओघळलीय. चेहऱ्यांना मात्र झिलई देत नाहीत, ते कोरे ठेवतात आणि मग मी सफेदा लावून रंगवते. सफेदा घरीच करतो. शिशाच्या पट्ट्या आंबट शिरक्याच्या मडक्यावर टांगायच्या, महिन्याभरात त्यांना पांढरी बुरशी धरते, ती खरवडून वाटायची. सणावाराला मी स्वतःही तोच लावते. लोयांगच्या बायका असा सफेदा पदरचे पैसे मोजून घेतात.

आज अकरा चेहरे झाले. भुवया आणि ओठ पुरे केले, डोळे नाही. डोळे शेवटी, गाडीत चढवल्यावर, तोंड फाटकाबाहेर करून. पुतळीने डोळे उघडल्यावर पहिल्यांदा जे घर दिसेल त्याला ती आपलं समजते, असं सासूबाई सांगायच्या. मी या बाबतीत कधी चुकले नाही. बारा वर्षांत एकदाही नाही.

नववा महिना, दुसरा दिवस

गाडी गेली. पाठीचा काटा ढिला झालाय.

यादी सकाळी लिहिली. दोन प्रती करायच्या, एक थडग्याच्या तोंडाशी मोठ्याने वाचून शवपेटीशेजारी ठेवतात, दुसरी आमच्याकडे राहते. दासींना नावं द्यावीच लागतात, नाहीतर मेलेला हाक कशी मारणार? पण चोवीस नावं आणायची कुठून! पहिली दहा झरझर सुचतात, मग डोकं रिकामं होतं. त्यात आमान सकाळपासून पायाला बिलगून रडत होती, पोट दुखतं, पोट दुखतं. तिकडे गाडीवाला आरडाओरडा करत होता. "थांब आमान, थांब गं आमान," असं म्हणत कशीबशी यादी पुरी केली आणि दुसरी प्रत तिच्यावरूनच डोळे मिटून उतरवली.

नववा महिना, सातवा दिवस



काल वेई साहेबांना पुरलं. आज घरची प्रत पेटीत ठेवायला घेतली आणि सहज नजर फिरवली. तेविसावी दासी, ह्वेझी, दिवा धरणारी. चोविसावी दासी, आमान, पाणी देणारी.

माझ्याच अक्षरात. दोन्ही प्रतींत तेच असणार.

मी कितीतरी वेळ उंबऱ्यावर बसून होते. तिचं नाव थडग्याच्या तोंडाशी मोठ्याने वाचलं गेलं. आणि थडगं मिटलं.

दुपारी आमानने खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. चेहरा मातीच्या रंगाचा झालाय. मी कुणाला काही बोलले नाही.

नववा महिना, दहावा दिवस

यांना सांगितलं. वाटलं होतं मारतील. मारलं नाही, मटकन खालीच बसले.

"कारभाऱ्याकडे जाते," मी म्हटलं. "पाया पडते. एक नाव खोडायचं, बस."

"शिन, मिटलेलं थडगं उघडलं तर उघडणाऱ्याचा गळा आवळतात. कायदा आहे. कारभारी तुझ्या पोरीसाठी गळा देणाराय का?"

"मग काय करायचं?"

हे म्हणाले, "हे बघ. चोवीस पुतळ्या गेल्या. चोविसावी तिथे उभी आहे. म्हातारा हाक मारेल, तीच ओ देईल. नाव तिचं झालं."

ऐकायला बरं वाटलं. पण खालच्या, मेलेल्यांच्या कचेरीचा कारभार असा ढिसाळ नसतो. तिथे यादी तपासायला शिपाई असतात. त्यांना त्या नावाची मुलगी वर जिवंत दिसली, धावताना, हसताना, तर ते काय म्हणतील? ही पळून आलेली दासी आहे, हेच म्हणतील ना?

मामंजी कोपऱ्यात ऐकत होते. त्यांना ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. म्हणाले, "सूनबाई, शिपाई जिवंत माणसाला धरून नेतो. मातीच्या बाहुलीला कोण धरतंय? पोर मातीची दिसली की झालं. तो म्हणेल, ही तर आपलीच, अजून गाडीत चढायची राहिलीय."

हे चिडून बाहेर गेले. मला मात्र ते पटलं.

नववा महिना, अकरावा दिवस

पुतळ्यांसाठी वाटलेला सफेदा उरला होता. आमानला खिडकीपाशी बसवलं आणि कपाळापासून गळ्यापर्यंत दोन हात दिले, वर ओठांवर लालीचा ठिपका. डोळे तेवढे काळे चमकत होते, त्यांचं काय करायचं ते सुचेना. मग खेळ शिकवला. मी "माती" म्हटलं की तिने डोळे मिटून ताठ उभं राहायचं, मी "पाणी" म्हणेपर्यंत हलायचं नाही.

पोरीला काय आनंद! दिवसभर माझ्यामागे, "आई, म्हण ना माती, म्हण ना."

ओठ सारखे चाटते, त्यामुळे तोंडाभोवतीचा सफेदा निघतो. तीनदा परत लावावा लागला.

नववा महिना, अठरावा दिवस

पाऊल वाजलं की मी फाटकाकडे धावते. आज फाटकात जळण विकणारा उभा होता, त्याच्या कमरेला गुंडाळी होती. ती यादीच असणार असं वाटून मी ओरडले, "माती!" आमान अंगणाच्या मधोमध ताठ झाली. जळणवाला बघतच राहिला.

"वहिनी, ही पोर आहे की विकायचा माल?"

"विकलेला माल आहे," मी म्हटलं. जळण न घेताच त्याला घालवला. त्याच्या गुंडाळीत दोरी होती, जाताना दिसली.

आमानचं पोट दगडासारखं झालंय. चार दिवस परसाकडे नाही. जेवण नको म्हणते, सफेदा मात्र मागते, बोटावर घेऊन. मी थोडा देते. आतूनही माती झालेली बरी.

नववा महिना, सत्ताविसावा दिवस

ती चिडचिडी झालीय. काल मला चावली. मग रडली, मग विसरली. जिन्यावर पाय नीट पडत नाही. मी सफेद्याचे हात वाढवले, आता सकाळ-दुपार-संध्याकाळ चार-चार देते. पट्ट्या संपत आल्या, यांना नवीन टांगायला सांगितल्या.

"पुतळ्यांना काय लावणारेस?" हे म्हणाले.

"पुतळ्या मेलेल्याच आहेत, त्यांना घाई नाही."

दहावा महिना, तिसरा दिवस

कसं लिहू.

अंगणात ऊन होतं. मी लाली घोटत होते, आमान बोरांच्या टोपलीपाशी बसली होती. एकदम ताठ झाली. मान मागे गेली, डोळे उघडेच, हातपाय लाकडासारखे, दातांतून फेस.

मी "माती" म्हटलं नव्हतं.

"पाणी! आमान, पाणी! पाणी!" मी किंचाळत राहिले. बऱ्याच वेळाने ढिली पडली आणि झोपली. हे तिला उचलून आत घेऊन गेले आणि भिंतीला डोकं टेकून उभे राहिले.

त्यांना ती सापडली. कुणी तरी दुसऱ्याने तिला "माती" म्हटलं.

दहावा महिना, सहावा दिवस

ताई आली. यांनीच निरोप धाडला होता, मला न विचारता. दारातच थबकली.

"शिन, हे काय थापलंयस तिच्या तोंडाला?"

मी सगळं सांगितलं, यादी, नाव, शिपाई. ताई ऐकून घेते, मध्ये बोलत नाही, मठाने तेवढं शिकवलंय. मग म्हणाली, "मला तुझ्या यादीचं कळत नाही. मला एवढं कळतं की वसंतात ही माझ्याकडे उड्या मारत होती. तुझी चार पोटातच गेली, सासऱ्याचे हात बघ. या घरात काहीतरी आहे. हिला माझ्याकडे दे."

"घरात नाही गं, यादीत आहे."

"बरं, यादीत. मठात आली की मुंडण होईल, जुनं नाव जाईल, नवं मिळेल. मग शोधू देत त्यांना आमानला."

हे मला सुचलं नव्हतं. पण मठात दिली म्हणजे दिली, ती मग माझी मुलगी राहणार नाही. आणि तिथे सफेदा, लाली काही चालत नाही. उघड्या चेहऱ्याने पोर त्यांच्यासमोर टाकायची? मी नाही म्हटलं. ताईला तिखट बोलले. तुला मूल नाही म्हणून माझं ओढतेस, असंही म्हटलं. ती रागावली नाही, त्यामुळे मला जास्तच राग आला.

दहावा महिना, आठवा दिवस

पुन्हा तेच. या वेळी दोनदा, एकापाठोपाठ एक.

देऊन टाकते.

दहावा महिना, नववा दिवस

नावेत तिला मांडीवर घेऊन बसले होते. जाताना चार हात सफेदा लावला होता. निदान वाटेत तरी कुणाच्या नजरेस पडू नये.

मठाच्या दाराशीच दगडी कुंडी आहे. ताईने पोरीला माझ्या हातून घेतलं आणि काही कळायच्या आत तिचं तोंड धुतलं. मी ओरडले. आवारातल्या म्हाताऱ्या भिक्षुणी वळून बघायला लागल्या. ताईने दुसऱ्यांदा धुतलं, तिसऱ्यांदा, कानामागे, नखांत. कुंडीतलं पाणी दुधासारखं झालं. खालून निघालेला चेहरा किती लहान होता, किती पिवळा. मला वाटलं आता जाईल, आत्ताच, याच पायरीवर.

गेली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, पाणी म्हणालीस का?"

"हो," मी म्हटलं. "पाणी."

मग दार लागलं. तिला मिळालेलं नवं नाव मला माहीत आहे, पण ते मी इथे लिहिणार नाही. लिहिण्यानेच हे सगळं झालं.

अकरावा महिना, पंधरावा दिवस

हे मठात तांदूळ देऊन आले. मी जात नाही, कुणी माझ्या मागोमाग आलं तर?

"कशी आहे?"

"दोन वाडगे पेज खाल्ली माझ्यासमोर. टकलावर हात फिरवू देत नाही."

"आणि ते... ताठ होणं?"

"पहिले काही दिवस झालं म्हणे. आता पंधरवडा झाला, नाही."

मी चुलीसमोर बसून रडले. हेही रडले, पण धुराचं निमित्त केलं. नाव बदललं आणि त्यांचा माग सुटला. ताईची युक्ती खरी ठरली, तिला मी काय काय बोलले होते.

बारावा महिना, चौथा दिवस

अनयांगहून मागणी आलीय, सोळा पुतळ्या. पाचवा चेहरा रंगवताना कुंचला हातातून गळाला. उचलला, पुन्हा गळाला. उजवं मनगट वर होत नाही. मामंजींनी बघितलं आणि डोळे पुसले. "आता तू या घरची खरी कारागीर झालीस, सूनबाई."

डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षर असं.

बारावा महिना, सव्विसावा दिवस

ताईची चिठ्ठी आली. पोर गुबगुबीत झालीय, मोठ्या भिक्षुणीची नक्कल करते आणि मार खाते. घरून काय हवं असं विचारलं तर म्हणाली, आईचं गोड पांढरं. ताईने पुढे लिहिलंय, "ते मात्र पाठवू नकोस. इथे चालत नाही."

मी चिठ्ठी दहादा वाचली. गोड पांढरं. विसरली नाही मला.

दुसरा महिना, एकोणिसावा दिवस

चार महिन्यांची शांतता आज संपली. वेईंचा कारभारी दुसऱ्या कामासाठी आला होता, जाता जाता म्हणाला, "थडगी झाडायचे दिवस आले. आमच्याकडे पहिल्या वर्षी थडग्यासमोर सगळी यादी पुन्हा वाचतात, साहेबांना कुणी दासी कमी पडायला नको. तुमची प्रत द्या, आमची आत आहे."

मी म्हटलं, उंदरांनी खाल्ली.

"असू दे, आमच्या लेखनिकाने पुरताना उतरवून घेतली होती," तो म्हणाला. "तुमच्या प्रतीशी ताडून बघायची होती, एवढंच."

म्हणजे पुन्हा हाक मारणार. चोविसावी दासी, आमान, पाणी देणारी. टक्कल असो, नाव बदललेलं असो, जुनं नाव ती अजून विसरली नसणार, मग त्या हाकेला वळणार नाही कशावरून? आणि चेहरा तर उघडाच आहे.

मी यांना सांगितलं नाही. यांचा चेहरा आत्ता कुठे माणसांत आलाय.

दुसरा महिना, अठ्ठाविसावा दिवस

झालं माझं काम. नऊ दिवस लागले. डाव्या हाताला अजून सवय नाही आणि तोही आता दमतो.

दासींच्या जुन्या साच्यातून हातात मावेल एवढी बाहुली काढली. अंगावर पिवळी झिलई, घोटली मामंजींनी, नात म्हटल्यावर रडत रडत घोटली. चेहरा मी केला. हुबेहूब तिचा, केस असतानाचा. डोळे अंगणात उघडले, तोंड आमच्या घराकडे करून, मुद्दाम. हिने या घरालाच आपलं समजायला हवं. नाव पुकारलं की ही ओ देईल, शिपाई हिला उचलतील आणि माझी पोर शेजारी उभी राहून नुसती बघेल. तिने मात्र हिला क्षणभरही अंगावेगळं करायचं नाही, तसा निरोप द्यायला सांगितलाय.

सफेद्याची डबी ताईने परत पाठवली असती. बाहुलीला ती नाही म्हणणार नाही, पोराचं खेळणं आहे. उद्या हे नावेने घेऊन जातील.

तिला सगळं तोंडात घालायची खोड आहे, ती मठात जाऊनही सुटली नसणार. म्हणून चेहऱ्यावर सफेद्याचे बारा हात दिलेत. कितीही चाटला तरी खाली उरेल. आणि तिने मागितलेलं गोडही तिला मिळेल.